फोनला शिव्या घालून मराठी शिकवता येत नाही

मराठीचे चार शिक्षक एकत्र बसले की मोबाइलचा विषय निघतो आणि निकाल आधीच लागलेला असतो. मोबाइलनं मुलांच्या भाषेची वाट लावली. प्रशिक्षण शिबिरात हेच, पालकसभेत हेच, साहित्यावरच्या परिसंवादांतही हेच. मुलं लिहीत नाहीत, नुसते अंगठे फिरवतात. ऱ्हस्व-दीर्घ गेलं, विरामचिन्हं गेली, देवनागरी गेली. आणि मग ठरलेला निष्कर्ष येतो: निदान भाषेच्या तासाला तरी या भानगडी नकोत. वही, फळा आणि पुस्तक एवढं पुरे. ब्लॉग, व्हॉट्सॲप, विकिपीडिया हे सगळं फाटकाबाहेर ठेवा.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मी आधी शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत आले आहे. हे मत मला चुकीचं वाटतं, एवढं म्हणून भागणार नाही. त्यापायी मुलांचं नुकसान होतं आहे आणि ते मराठीच्या कळवळ्याच्या नावाखाली होतं आहे, याचा मला राग येतो.

हे मत मांडणारी माणसं मूर्ख नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट सांगते. भाषा सरावानं आणि संयमानं येते. उत्तम गद्य वाचावं, त्याच्या वाटेनं लिहून बघावं, शिक्षकानं चुका दाखवाव्यात, मग पुन्हा लिहावं. यात घाईला जागा नाही. इंटरनेटवरचं लेखन घाईचं असतं, अर्धवट असतं आणि शाबासकीसाठी केलेलं असतं. तिथं कुणी संपादक नाही, कुणी शुद्धलेखन बघत नाही. शिवाय मुलं लहान आहेत, तिथं नाही नाही ती माणसं आहेत, गरिबाच्या घरी फोन नाही आणि शिक्षकाला आधीच शंभर कामं आहेत. तेव्हा वर्गाचा ब्लॉग काढणारा शिक्षक भाषा शिकवत नाही, मुलांची हौस पुरवतो.

ठीक आहे. पण मोबाइलनं ज्या लेखनाची वाट लावली म्हणता, ते चांगलं लेखन होतं कुठं?

माणमधल्या मुलांनी 'माझा आवडता ऋतू' या विषयावर लिहिलेले निबंध कधी सलग वाचून बघा. धरतीनं हिरवा शालू नेसलेला असतो. मोर थुई थुई नाचत असतो. झरे खळखळत असतात. हा दुष्काळी तालुका आहे. या मुलांच्या वस्तीवर टँकर येतो, तो येण्याआधी घागरी आणि ड्रम रांगेला लागतात, नंबरावरून भांडणं होतात. पावसाबद्दल या मुलाइतकं कुणाला कळतं? पण त्याला कळतं त्यातलं एक अक्षर त्या वहीत नसतं. वहीत असतो तो गाईडमधला पाऊस, आणि तो चाळीस वह्यांत एकसारखा पडलेला असतो. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' हा विषय दिला तरी तीच गत, 'शेतकऱ्याचे आत्मवृत्त' दिला तरी तीच. शेतकऱ्याचा मुलगा शेतकऱ्याचं आत्मवृत्त लिहितो आणि त्यात त्याचा बाप कुठंच नसतो. हे मोबाइलच्या आधीपासून चालत आलं आहे. माझ्या पिढीनं असेच निबंध लिहिले, माझ्या आधीच्या पिढीनंही लिहिले, आणि त्यांना दहापैकी आठ गुण मिळत गेले.

हे का होतं? मुलं आळशी आहेत म्हणून? अजिबात नाही. मूल लिहितं तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं की हे एकच माणूस वाचणार आहे, आणि त्या माणसाला उत्तर आधीच माहीत आहे. शिक्षकाला मुलाकडून काही जाणून घ्यायचं नसतं, अपेक्षित मुद्दे आले की नाहीत एवढंच बघायचं असतं. अशा वाचकासाठी स्वतःचं काही लिहायची गरजच काय? समजावून सांगायची गरज काय? शब्द शोधायची, वाक्य फिरवून बघायची गरज काय? भाषा शिकवण्यातली ही सगळ्यात मोठी खोट आहे. आपण मुलांना लिहायला लावतो आणि वाचक देत नाही. ब्लॉग हा वाचक देतो. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे, यंत्राच्या प्रेमापोटी नाही.

नववीतल्या एका मुलानं वर्गाच्या ब्लॉगवर लिहिलं होतं. विषय होता, आमच्या शेतात मेंढरं बसली. खतासाठी मेंढपाळाकडून रात्रभर शेतात मेंढरं बसवून घेण्याची पद्धत आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यानं पहिल्यांदा चारच ओळी लिहिल्या. मेंढरं आली, बसली, सकाळी गेली, रान चांगलं झालं. आईनं मेंढक्यांना भाकरी दिली. वहीत हे आलं असतं तर मी 'त्रोटक' असा शेरा मारून पुढं गेले असते. पण ते ब्लॉगवर होतं. मुंबईत राहणाऱ्या, गावाशी नातं असलेल्या एका वाचकानं खाली विचारलं, 'मेंढरं बसवायची म्हणजे काय करायचं? ती बसूनच राहतात का?' दुसऱ्या कुणी विचारलं, 'रात्री राखण कोण करतं? आणि याचे पैसे शेतकरी देतो की मेंढपाळ देतो?'

मुलगा चक्रावला. पैसे कोण देतो, हे ठाऊक नसलेली माणसंही जगात असतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं. मग तो पुन्हा लिहायला बसला. जाळी कशी लावतात, कोकरं वेगळी का ठेवतात, कुत्री कुठं बांधतात, एका तुकड्यावर किती वेळ बसवायचं आणि मग पुढं कसं सरकवायचं, लेंडी आणि मुतानं रानाला काय मिळतं. देण्याघेण्याचं तर त्यानं आजोबांना विचारून लिहिलं की पूर्वी धान्य द्यायचे, आता रोख ठरतं. चार ओळींचं दीड पान झालं. त्यात 'कारण' आलं, 'म्हणून' आलं, 'नाहीतर' आलं. जोडवाक्यं मी वर्षभर फळ्यावर शिकवत होते. ती त्यानं त्या आठवड्यात वापरली, कारण त्याला ती लागली. वाक्यांचे प्रकार शिकवायची याहून चांगली पद्धत कुणाकडं असेल तर त्यांनी सांगावी, मी शिकायला तयार आहे.

आणि हे कुणा परदेशी तंत्रज्ञाच्या डोक्यातून निघालेलं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांना मी अमळनेरला नेऊ इच्छिते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं 'छात्रालय दैनिक' लिहीत. रोज लिहिलेलं, रोज वाचलं जाणारं, ठरावीक वाचकांसाठी असलेलं ते दैनिक होतं. पुढं १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. गुरुजींकडं छापखाना नव्हता म्हणून त्यांनी हातानं लिहिलं. आज त्यांच्या हातात फोन असता तर त्यांनी तो फाटकाबाहेर ठेवला असता असं कुणाला खरोखर वाटतं का?

त्याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाच्या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाचा प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलता येत नसे. त्यानं १९२४ च्या सुमारास वर्गात एक लहानसा छापखाना आणला. मुलं आपल्या गावातलं, घरातलं, रस्त्यावरचं लिहीत, एकत्र बसून दुरुस्त करत, खिळे जुळवत आणि छापत. मग ती पानं ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगुंक गावच्या शाळेत टपालानं जात आणि तिथल्या मुलांची पानं इकडं येत. डोंगरातल्या मुलांना समुद्राकाठच्या मुलांना आपला गाव समजावून सांगावा लागे. फ्रेनेलाही त्या काळी विरोध झाला. पाठ्यपुस्तक सोडून हा माणूस मुलांच्या रिकाम्या गप्पा छापतो, असा आरोप झाला. शंभर वर्षं झाली, आरोप तोच आहे.

आपल्या शाळांतही भित्तिपत्रकं होती, हस्तलिखितं होती. वर्षातून एकदा सुंदर अक्षर असलेल्या मुलांकडून ती करून घेत आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवून कपाटात ठेवत. ती परंपरा थोर आहे म्हणणारेच ब्लॉगला नाक मुरडतात, तेव्हा मला त्यांचं कोडं उलगडत नाही. कपाटातलं हस्तलिखित संस्कार करतं आणि जे लोक वाचू शकतात ते लेखन भाषा बिघडवतं?

आता आपल्याच पाठ्यपुस्तकाकडं बघू. २०१९ मध्ये बालभारतीनं अकरावीची नवी मराठी 'युवकभारती' आणली. तिच्या उपयोजित मराठीच्या भागात सूत्रसंचालन आहे, मुद्रितशोधन आहे, अनुवाद आहे आणि अनुदिनी म्हणजे ब्लॉग लेखनही आहे. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी दार उघडून दिलं होतं. आपण काय केलं? आपण त्या पाठाचे मुद्दे फळ्यावर लिहून दिले. ब्लॉग म्हणजे काय, ब्लॉगची वैशिष्ट्यं, ब्लॉगचे फायदे. मुलांनी ते पाठ केले आणि उत्तरपत्रिकेवर शाईनं उतरवले. मी असे गठ्ठे तपासले आहेत. 'ब्लॉगवर वाचक त्वरित प्रतिक्रिया देऊ शकतात' असं वाक्य प्रत्येक उत्तरात असतं, आणि ते लिहिणाऱ्या बहुतेक मुलांना आयुष्यात एकाही अनोळखी वाचकाची प्रतिक्रिया आलेली नसते. कित्येकांनी ब्लॉग उघडूनही पाहिलेला नसतो. आणि त्याच वर्गात, त्याच तासाला, त्याच मुलांच्या दप्तरात फोन असतो आणि तो बाहेर काढला म्हणून जप्त होतो. पाठ शिकवणाऱ्यांनीच पाठाचा असा पराभव केला आहे. मग वर तेच म्हणतात की मुलं लिहीत नाहीत.

भाषा बिघडल्याच्या आरोपाकडं वळते, कारण तो सगळ्यात मोठ्यानं केला जातो. निरोपांची आखूड भाषा वापरून मुलांचं लेखन-वाचन बिघडतं, ही भीती इंग्रजीतही होती. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री विद्यापीठातल्या बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि सहकाऱ्यांनी दहा ते बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोडतोड केलेले शब्द जास्त वापरणाऱ्या मुलांचं शब्दवाचन खालावलेलं नव्हतं, उलट ते चांगलं होतं. शब्द असा मोडायचा की तो ओळखू आला पाहिजे, यासाठी त्याचा उच्चार आणि त्याची घडण आधी कळावी लागते. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी तर या भीतीविरुद्ध २००८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. हे इंग्रजीचं झालं, मराठीचं वेगळं, असं कुणी म्हणेल. मग मराठीत असा अभ्यास करून आपलं म्हणणं सिद्ध करा. सिद्ध न करता वर्षानुवर्षं तेच वाक्य म्हणत राहायचं, याला काय म्हणायचं?

उलट, जे डोळ्यांसमोर आहे ते तरी बघा. शाळा सुटल्यावर आपल्यातले किती लोक पूर्वी मराठीत काही लिहीत असत? किराणामालाची यादी आणि कधीमधी एखादं पोस्टकार्ड. दहावी झालेली बाई लग्नानंतर सहीपुरतं पेन धरत असे. आज तीच बाई बचतगटाच्या ग्रुपवर हिशेब लिहिते, बैठकीची वेळ कळवते, माहेरच्या ग्रुपवर पुतणीला सल्ला देते, कुणाशी वाद घालते. त्यात चुका असतात. असणारच. लिहिणाऱ्याच्याच चुका होतात. मराठीच्या इतिहासात इतकी सामान्य माणसं रोज लिहीत होती असा काळ कुठला, ते मला दाखवावं.

रोमन लिपीची तक्रार मात्र खरी आहे. मुलं मराठी रोमन अक्षरांत लिहितात आणि मला ते बघून वाईट वाटतं. पण हा दोष कुणाचा? देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. फोनवर मराठी कळफलक फुकट मिळतो. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' नावाचा कळफलक आहे, त्यात 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु, कू असं चक्र उघडतं. बाराखडी शिकलेल्या कुणालाही तो समजतो. हे आपण वर्गात कधी दाखवलं? संगणकाच्या तासाला मुलं इंग्रजी कळफलक शिकतात आणि मराठीच्या तासाला फोनला बंदी. मग देवनागरी टंकलेखन मुलांनी शिकायचं कुठं? ज्यांनी दार बंद केलं तेच विचारतात की मुलं आत का आली नाहीत.

आणि टंकलेखनातून शुद्धलेखन किती शिकवता येतं, याची या मंडळींना कल्पना नाही. सातवीतल्या एका मुलीनं महाबळेश्वरच्या सहलीबद्दल लिहिताना 'दर्याखोर्या' असं लिहिलं. वहीत असतं तर मी लाल शाईनं गोल केला असता आणि तिनं तो बघितलाही नसता. इथं मी तिला विचारलं, दर्या म्हणजे समुद्र, महाबळेश्वरला समुद्र आहे का? ती हसली, पण तिला 'दऱ्या' कसं उमटवायचं ते येईना. 'र'वर बोट दाबून धरलं की खाली टिंब असलेला 'ऱ' मिळतो, तो आधी घ्यायचा, मग पाय मोडायचा, मग 'या'. तिनं ते करून बघितलं आणि पडद्यावर अक्षर बदललं. मग वर्गातल्या सगळ्यांनी 'सुऱ्या' आणि 'सूर्या', 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' करून पाहिलं. 'उज्ज्वल' टंकायचं तर दोन ज आणि दोन्हींचे पाय मोडलेले, हे बोटांनाच कळतं. जोडाक्षर हातानं लिहिताना मूल त्याचं चित्र काढतं. टंकताना त्याला ते जोडाक्षर मोडून कळावं लागतं. वहीतलं अक्षरवळण मी सोडा म्हणत नाही, प्राथमिकच्या मुलांनी वहीतच लिहावं. पण सातवी-आठवीपासून पुढं हे का नको?

यावर सांगतात की चुका जगासमोर जातील. शाळेची अब्रू जाईल. या भीतीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण विरोधाच्या मुळाशी बऱ्याच वेळा हीच असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. मुलाची चूक म्हणजे शिक्षकाची चूक, आणि ती पालकांना, मुख्याध्यापकांना, शिक्षणाधिकाऱ्यांना दिसेल, ही ती भीती. म्हणून दाखवायचं तेव्हा आपणच लिहून दिलेलं दाखवायचं. हा भाषाशिक्षणाचा मुद्दाच नाही, हा आपली झाकली मूठ राखण्याचा मुद्दा आहे. लेखन सुधारतं ते पुन्हा लिहिण्यानं, आणि पुन्हा लिहिण्याची मुभा वहीत नाही. वहीत एकदा शेरा पडला की प्रकरण मिटलं. ऑनलाइन लेखन कधीही उघडता येतं, बदलता येतं, जुना खर्डा आणि नवा खर्डा शेजारी ठेवता येतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर आपल्या खेड्यांची असंख्य पानं अशी आहेत की ज्यांत, अमुक हे तमुक तालुक्यातलं गाव आहे, याच्या पुढं फारसं काही नाही. आपल्या गावाचं पान नववीच्या वर्गाला उघडून दाखवा. मुलं पेटून उठतात. आमच्या गावाला एवढंच? मग लिहायला सांगा. ग्रामदैवत, यात्रा, ओढा, पेठ, शाळा कधी सुरू झाली. पण तिथं नियम आहेत. 'आमचे गाव अतिशय सुंदर आहे' असं लिहून चालत नाही, ते मत झालं. यात्रेला लाखो लोक येतात असं लिहिलं तर संदर्भ मागतात. मूल ग्रामपंचायतीत जातं, जुनी स्मरणिका शोधतं. मत आणि माहिती यांतला फरक, पुरावा, तटस्थ वाक्यरचना. हे निबंधाच्या वहीतून कुणी शिकवलं आहे? पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदलेला असतो, चर्चापानावर कुणी काय आक्षेप घेतला ते दिसतं. कोण म्हणतं इंटरनेटवर संपादक नाही? आपल्या वर्गात एक होता. तिथं अनोळखी माणसंही तपासतात आणि कारण देऊन तपासतात.

उथळपणाचं आणि टाळ्यांचं म्हणाल, तर टाळ्यांची हाव मुलं कुठून शिकली? गुणांच्या हावेला आपण अभ्यास म्हणतो. प्रतिक्रिया द्यायची कशी हे शिकवणं हे भाषेच्या शिक्षकाचं कामच आहे. 'छान', 'मस्त' आणि अंगठा यांवर माझ्या वर्गात बंदी असते. काय आवडलं ते वाक्य उचलून दाखवायचं, काय कळलं नाही ते विचारायचं. असहमत असाल तर कारण द्यायचं आणि समोरच्याला त्याच्या वयाप्रमाणं संबोधायचं. ज्या समाजात मोठी माणसं एका राजकीय बातमीखाली एकमेकांच्या आया-बहिणी काढतात, त्या समाजात पंधरा वर्षांच्या मुलाला सभ्यपणे असहमती लिहायला शिकवणं ही चैन आहे का? ते आपण नाही शिकवलं तर कोण शिकवणार आहे? ते त्या बातमीखालचीच माणसं शिकवतील.

सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे आणि मी तो झटकत नाही. त्याला उत्तरं आहेत. ब्लॉगचं खातं शिक्षकाचं. मुलांचं पूर्ण नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही. पालकांची लेखी संमती. प्रतिक्रिया शिक्षकानं बघितल्याशिवाय दिसणार नाही. नको वाटलं तर ब्लॉग फक्त पालक आणि दुसरी एखादी शाळा यांनाच खुला. हल्ली ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तिथं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पण त्याच बंदीतून निरोपांची ॲप आणि शिक्षणाची साधनं वगळली आहेत, हे मात्र दाखला देणारे सांगत नाहीत. स्वीडनचंही तसंच. तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये शाळापूर्व वर्गांतली डिजिटल साधनांची सक्ती मागं घ्यायचं ठरवलं आणि पुस्तकांना पैसे दिले. बालवाडीतल्या मुलाच्या हातात पुस्तक द्या, मीही तेच म्हणते. त्यावरून पंधरा वर्षांच्या मुलानं ब्लॉग लिहू नये हे कसं ठरलं?

राहिला गरिबीचा मुद्दा, आणि तो काढणाऱ्यांची मला सर्वांत जास्त चीड येते. कारण तो गरिबांसाठी काढलेला नसतो. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. वापरता येणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती आणि शिक्षणासाठी फोन वापरणारी ५७ टक्के होती. म्हणजे फोन घरात पोचलाच आहे, त्यावर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघणंही पोचलं आहे. पोचलं नाही ते लिहिणं. शहरातल्या महागड्या शाळांत मुलं ब्लॉग लिहितात, पॉडकास्ट करतात, परदेशातल्या शाळांशी बोलतात आणि ते इंग्रजीत करतात. आमच्या मुलांना मराठीत हे करू द्यायचं नाही, का तर ती गरीब आहेत? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, मुलांना इतर देशांतल्या मुलांशी बोलायला लावलं आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. तेव्हा आपण सगळ्यांनी सत्काराचे हार घातले. मग आपल्या वर्गात परत जाऊन फोन जप्त केले. वर्गाच्या ब्लॉगला चाळीस फोन लागत नाहीत. शिक्षकाचा एक पुरतो. मुलं कागदावर लिहितात, वाचून दाखवतात, दुरुस्त करतात आणि पाळीपाळीनं टंकतात.

अलीकडं आणखी एक आक्षेप आला आहे की आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं लिहून देते, तेव्हा ऑनलाइन लेखनाला काय अर्थ? नीट विचार करा. ती काय लिहून देते? हिरवा शालू नेसलेली धरती ती एका क्षणात लिहून देते. फाटक्या पुस्तकाचं मनोगत तर फारच चांगलं लिहिते. म्हणजे धोका आहे तो आपल्या निबंधाच्या वहीला. आमच्या शेतात परवा रात्री मेंढरं बसली तेव्हा कुठलं कोकरू जाळीत अडकलं आणि आजोबा काय म्हणाले, हे तिला कुठून कळणार? आणि ते लिहिल्यावर मुंबईच्या वाचकानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मुलाला ते ठाऊकच असावं लागतं.

महाराष्ट्राबाहेरचं तर विचारूच नका. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा थोडा वेळ भरतात. उरलेले सहा दिवस त्या मुलांना मराठी कुठं भेटते? आजीच्या व्हिडिओ कॉलवर आणि व्हॉट्सॲपच्या निरोपात. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकणारी मुलं आहेत. या मुलांना मराठीत लिहिणारं, आपल्याच वयाचं माणूस हवं आहे, आणि माणमधल्या मुलांना गाव ठाऊक नसलेला वाचक हवा आहे. फ्रेनेच्या काळी पानांना टपालाची वाट बघावी लागे. आज काही क्षणांचं काम आहे, आणि अडवणूक कुणाची आहे? विजेची नाही, पैशांची नाही, आमच्याच शिक्षकखोलीतल्या मताची आहे.

२०२० मध्ये कायदा करून आपण सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण सक्तीनं मूल वर्गात येऊन बसतं, लिहायला लागत नाही. दर्जा भाषेच्या जुन्या लेखनाला मिळाला आहे, नवं लेखन या मुलांनी करायचं आहे, आणि ते त्यांनी आजीच्या, मित्राच्या, अनोळखी माणसाच्या वाचण्यासाठी करायचं आहे, माझ्या लाल पेनासाठी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी शिक्षकांपुढं, अभ्यास मंडळापुढं, जिथं संधी मिळेल तिथं मांडणार आहे. अकरावीच्या ब्लॉगच्या पाठावर ब्लॉगचे फायदे विचारणं बंद करा. त्या गुणांसाठी मुलानं वर्षभर लिहिलेलं दाखवावं, कमीत कमी एका वाचकाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर दाखवावं, आणि पहिला खर्डा व शेवटचा खर्डा शेजारी ठेवून काय बदललं ते तोंडी सांगावं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात देवनागरी टंकलेखन आणि विकिपीडियाचं संपादन घ्या. सातवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गाला एक ब्लॉग आणि दुसऱ्या जिल्ह्यातली एक जोडीदार शाळा द्या. कोकणातल्या मुलांना माणचा टँकर वाचू दे, माणच्या मुलांना कोकणातली भातलावणी. ज्यांना हे नको आहे त्यांनी फोनबद्दलचं आपलं मत खुशाल ठेवावं, पण या वर्षी आपल्या वर्गातल्या एकाही मुलाचं लेखन आपल्याखेरीज कुणी वाचलं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधी द्यावं.